मुंगीबरोबर एका सुरात

माणसाचं बोलणं पोहोचायला वेळ लागतो, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तोवर माझी अशी समजूत होती की, वर्गात आपण "गप्प बसा" म्हटलं की ते त्याच क्षणी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतं. तिथली मुलं ते ऐकत नाहीत, हा भाग वेगळा. पण पोहोचतं. मध्यंतरी माझ्या घरात, आमच्या इमारतीच्या जिन्यात आणि वरच्या डॉक्टरांच्या बाल्कनीत जे काही घडलं, त्यानंतर या विषयावर चार शब्द बोलायचा अधिकार मला आला आहे, असं मी मानतो. घरातले तसं मानत नाहीत.

सुरुवात मुंगीपासून झाली. मुंगी म्हणजे माझी नात. रांगायला लागली तेव्हा खोलीच्या मधून कधी जायची नाही, भिंतीच्या कडेकडेनं जायची, म्हणून मुंगी. ती बोलताना अडखळते. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांपर्यंत येतं आणि तिथेच पाय रोवून उभं राहतं. पण बरोबर दुसरं कोणी म्हणत असेल, तर हीच मुंगी अख्खी कविता एका दमात म्हणते, कुठे ठेच नाही की खड्डा नाही. म्हणून ती इथे होती तोवर आम्ही दोघं रोज संध्याकाळी एका सुरात कविता म्हणायचो. मी प्राथमिक शाळेचा मास्तर. एका सुरात म्हणणं आणि म्हणवून घेणं यापलीकडे मला फारसं काही येत नाही, पण तेवढं येतं.

पुढे माझ्या मुलीची बदली दूरच्या शहरात झाली आणि मुंगीही गेली. तिच्या नव्या शाळेत प्रत्येक मुलानं सभागृहात उभं राहून एक कविता म्हणायची, अशी पद्धत. तिच्या बाई समजूतदार. त्या म्हणाल्या, "तुला नको असेल तर नको म्हणूस हं." त्यावर मुंगीनं घरी येऊन जाहीर केलं की ती म्हणणार. अट एकच. आजोबांनी तिकडून, त्याच वेळी, तिच्या कानात म्हणायचं. कानात छोटंसं यंत्र घालायला बाईंनी परवानगी दिली. आता प्रश्न फक्त माझा आणि मधल्या अंतराचा होता.

"त्यात काय!" मी म्हणालो.

आमची ही तेव्हाच म्हणाली होती, "अहो, तुम्ही 'त्यात काय' म्हणालात की मी देवापुढे दिवा लावून ठेवते." पण तिचं मी ऐकलं नाही, आणि नंतरही ऐकलं नाही हे ती तुम्हाला सांगेलच.

कविता मी मुंगीसाठीच केलेली होती:

वारा आला दारापाशी, वाजवतो ही कडी,
आत या हो वारेबुवा, जागा आहे थोडी.
येता येता गाणं आणा, हवं तेवढं गा,
जाता जाता वारेबुवा, दार लावून जा.

मध्ये आणखी काही कडवी आहेत. कविता म्हणून तिची फारशी किंमत नाही, असं घरातलं मत. पण ती मुंगीला तोंडपाठ होती, आणि माझ्या दृष्टीनं कवितेची तीच किंमत.

पहिल्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत संगणकासमोर बसलो. पडद्यावर मुंगी आली, वेणी घालून, तयारीत. मी म्हणालो, "एक, दोन, तीन, वारा आला..." मी दारापाशी पोहोचलो तेव्हा मुंगीचा वारा निघाला. मी थांबलो. ती थांबली. मग दोघं एकदम बोललो. मग तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून जागच्या जागी थिजला, आवाज तुकड्यातुकड्यांनी "शी... डी... बुवा" असा आला, आणि थोड्या वेळानं राहिलेलं सगळं एकदम अंगावर कोसळलं.

"आ-आ-आजोबा, तुम्ही पुढे पळता."

"मी पळत नाही बाळा, तू मागे राहतेस."

दोघांचंही खरं होतं. पण यानंतर ती पहिल्याच अक्षरावर अडली. पुन्हा अडली. मग तिनं खुर्ची फिरवली आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली. वेणीचं टोक तेवढं दिसत राहिलं. मला वर्गातली मुलं पाठ करून बसलेली चालायची, तो माझा रोजचा अनुभव होता. पण ही पाठ मला चालली नाही.

मी फोन करून पाहिला. आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती एकाच ठिकाणी, बाथरूमच्या खिडकीत. तिथे बादली पालथी घालून, तिच्यावर उभं राहून मी कविता म्हटली. बाथरूममध्ये आवाज घुमतो. पलीकडून मुंगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही वि-विहिरीत आहात का?" समोरच्या मावशींनी त्यांच्या खिडकीतून सगळं पाहिलं आणि संध्याकाळी हिला विचारलं, "यांना बरं आहे ना? नाही, म्हणजे, कुणाला आत या, आत या म्हणत होते."

शेवटी मी मुलीला विचारलं. हे मी आधीच करायला हवं होतं, कारण तिचा धंदाच तो. ती इस्पितळांसाठी नेटवर्कची आखणी करते, म्हणजे डॉक्टर एका गावात आणि पेशंट दुसऱ्या गावात असला तरी दोघांना समोरासमोर बसल्यासारखं बोलता आलं पाहिजे, ही तिची जबाबदारी. पण आपण जिला वजाबाकीतला हातचा शिकवला, तिलाच जाऊन "मला कळत नाही, सांग" म्हणायचं, याला थोडं मन घट्ट करावं लागतं.

"बाबा, सोपं करून सांगते," ती म्हणाली. अगदी माझा सूर. "तुमचं बोलणं अख्खं जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात. प्रत्येक तुकडा पाकिटात घालून पाठवायचा. पत्राचं पाकीट थोडं उशिरा आलं तर चालतं. बोलण्याचं चालत नाही. उशिरा आलेला तुकडा फेकून द्यावा लागतो."

"फेकून?"

"मग काय करणार? वाक्य पुढे गेलेलं असतं."

मला हे फार लागलं. मी जन्मभर उशिरा आलेल्या मुलांना वर्गात घेतलं. दाराशी उभं केलं असेल, पण घेतलं. उशीर झाला म्हणून फेकून देणारी शिस्त मला शिक्षणखात्यातसुद्धा भेटली नव्हती.

मला एखादी गोष्ट कळली की ती कुणाला तरी शिकवल्याशिवाय चैन पडत नाही. दुसऱ्या दिवशी मी इमारतीतली मुलं गोळा केली आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक पायरीवर एकेक उभं केलं. माझ्या कवितेच्या शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या. खालच्यानं चिठ्ठी वरच्याला द्यायची, शेवटच्यानं गच्चीत ती मोठ्यानं वाचायची. कविता नीट गेली. मग मी म्हणालो, "आता वरच्या डॉक्टरांचे एक्स-रे पण याच जिन्यानं जाऊ देत," आणि जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडले. लगेच गोंधळ. गठ्ठे मध्ये अडकले, चिठ्ठ्या गळायला लागल्या, गच्चीतून आवाज आला, "वारा आला थोडी कडी जागा बुवा!" मुलं हसून लोळली. मला मात्र एकदम लख्ख दिसलं की आमचं दुखणं कुठे आहे.

त्याच क्षणी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बाहेरून आले. त्यांना त्यांच्या घरी जायचं होतं. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, आणि मध्ये माझं संपूर्ण नेटवर्क उभं होतं.

"सर, हे काय चाललंय?"

"बोलणं पोहोचायला वेळ का लागतो, ते शिकवतोय."

"मलाही वेळ लागतोय," ते म्हणाले. एक गठ्ठा ओलांडताना त्यांचा पाय दुसऱ्यावर पडला, पिशवीतले कांदे सुटले, आणि ते मात्र पायऱ्यापायऱ्यांनी एका दमात, कुठेही न अडकता तळमजल्यावर पोहोचले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी फलकावर सूचना लागली की जिना हा केवळ चढण्या-उतरण्यासाठी आहे.

तर दुखणं असं होतं. आमचं आणि वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचं इंटरनेट एकच. जोडणी त्यांच्याकडे येते, तिथून हवेतून माझ्याकडे. आणि संध्याकाळी, नेमकं कवितेच्या वेळी, त्यांचे दिवसभराचे एक्स-रे कुठेतरी दूर साठवायला निघतात. मी वर गेलो. डॉक्टरांनी सवयीनं विचारलं, "कुठे दुखतंय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "सर, वरवर भरून उपयोग नाही. मुळापर्यंत जायला पाहिजे." त्यांचं प्रत्येक बाबतीत हेच मत असतं. पण मनानं मोठे. त्यांनी राउटरच्या सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्या हवाली केल्या.

मुलीनं फोनवरून सांगितलं होतं की त्या राउटरमध्ये एक सोय असते, कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवू शकतो. आवाजाला पहिला नंबर द्यायचा. मी ते पान उघडलं. यादी आली: माझा संगणक, हिचा टीव्ही, डॉक्टरांचं एक्स-रेचं यंत्र, त्यांच्या मुलाचा खेळ, मावशींचा फोन. (मावशींना आमचा पासवर्ड कुणी दिला, हा वेगळा प्रश्न. ही त्या वेळी स्वयंपाकघरात गेली.) मी माझ्या संगणकाला पहिला नंबर दिला. मग वाटलं, एक्स-रेमागे कुणाचा तरी ठणकणारा दात आहे. त्यालाही दिला. हिची मालिका ऐन रंगात होती. मुलगा बिचारा दिवसभर शाळेत असतो. आणि मावशींना एकटीला वगळणं बरं दिसेना. मी समाधानानं ते पान बंद केलं.

काहीही फरक पडला नाही.

"बाबा," मुलगी दुसऱ्या दिवशी म्हणाली. आवाजात संयम होता, आणि तो कुठून आला हे मी ओळखलं. "तुम्ही सगळ्यांना पहिला नंबर दिलाय."

"मग? वर्गात मी नेहमी..."

"वर्गात देत होतात, मला माहितीये. मलासुद्धा असाच मिळाला होता."

ते तिनं काढून टाकलं आणि फक्त आवाजाला पुढे ठेवलं. हिची मालिका अडखळायला लागली आणि घरातलं बोलणं काही दिवस अगदी मोजकं, पण वेळेवर येऊ लागलं. तरीही मुंगीचा आवाज मधूनमधून तुटायचा. मग मी स्वतःच्या अकलेनं एक गोष्ट केली. एका ठिकाणी लिहिलं होतं, तुकडे मागेपुढे येत असतील तर ते थोडा वेळ थोपवून, रांगेत लावून मग सोडावेत. मला ते एकदम पटलं. प्रार्थनेला आपण हेच करतो. मी थोपवण्याची वेळ भरपूर वाढवली. आवाज काय सुंदर आला! एकही अक्षर तुटलं नाही. फक्त मी "मुंगी, ऐकू येतंय का?" म्हणायचो, चष्मा पुसायचो, पुन्हा घालायचो, आणि मग ती म्हणायची, "हो."

मुलीनं तेही काढलं. "बाबा, हवेतून नको. डॉक्टरांच्या घरून सरळ वायर ओढून घ्या. आणि चित्र बंद ठेवा. रस्ता नुसत्या आवाजाला मोकळा राहू दे."

वायर डॉक्टरांच्या बाल्कनीतून माझ्या खिडकीत यायची, म्हणजे इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून. म्हणजे सेक्रेटरी. मी अर्ज केला. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "रंग कोणता?"

"कशाचा?"

"वायरीचा. भिंत पांढरी आहे. वायर पांढरी असेल तर माझी हरकत नाही." कांद्यांचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांचा मोठेपणा.

वायरवाला आला तो पिवळी घेऊन. म्हणाला, "पांढरी मिळते, पण पिवळी टिकते." मी म्हणालो, "अहो, परवानगी पांढरीची आहे." तो म्हणाला, "लावून तर ठेवू, पांढरी आणली की बदलतो," आणि लावून गेला तो गेलाच. सेक्रेटरींनी खाली उभं राहून, मान मागे टाकून ती वायर बराच वेळ पाहिली. "सर, पिवळी आहे." "तात्पुरती आहे." "तात्पुरती पिवळी आहे," असं म्हणून ते वर गेले.

आता आवाज स्वच्छ होता, तुटत नव्हता, जवळजवळ लगेच येत होता. तरी सूर एक होईना. उलट नवीनच प्रकार सुरू झाला. मुंगी मला किंचित मागे ऐकू यायची, म्हणून मी तिच्यासाठी जरा थांबायचो. मी थांबलो की तिला मी मागे पडल्यासारखा वाटायचो, म्हणून ती माझ्यासाठी थांबायची. दोघंही समजूतदार. कविता हळूहळू मंदावत जायची आणि वारेबुवा दारातच उभे राहायचे.

"शून्य कधीच होणार नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "आवाज पकडायचा, पाठवायचा, सोडवायचा, थोडा वेळ जाणारच. इतकं अंतर आहे ना."

कार्यक्रम तोंडावर आला होता. ही दारात येऊन उभी राहिली आणि तिनं पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही, त्यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

तेवढ्यात पलीकडून मुंगी म्हणाली, "आजोबा, तु-तुम्ही मला ऐकूच नका ना."

"म्हणजे?"

"तुम्ही तुमचं म्हणत राहा. मी तुमच्याब-बरोबर म्हणते. मला तुम्ही बरोबरच ऐकू येता. तुम्हालाच मी उ-उशिरा ऐकू येते."

मी संगणकाचा आवाज बंद केला आणि भिंतीकडे पाहत एका लयीत कविता म्हटली, शेवटपर्यंत. मग आवाज लावला. पलीकडे मुलगी हसत होती की रडत होती, कळेना. "बाबा, एका सुरात! एकही अक्षर मागेपुढे नाही!"

तो सूर मला ऐकू आला नव्हता. मास्तरचं अर्धं काम ऐकण्याचं असतं. कोण चुकलं, कोण नुसते ओठ हलवतंय, हे मला पाठमोरं उभं राहूनही कळायचं. आणि आता मी चांगलं शिकवायचं असेल तर अजिबात ऐकायचं नाही, असं ठरलं होतं. पण इलाज नव्हता. आम्ही दोघांनी नियम केला: ऐकू येवो न येवो, आपण आपलं म्हणत राहायचं. थांबायचं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी हिनं घर ताब्यात घेतलं. टीव्ही बंद. दाराची घंटी वाजून व्यत्यय नको, म्हणून घंटीचा खटका बंद. मावशींना निरोप, की आज फोन नाही. डॉक्टरांनी एक्स-रे थांबवून ठेवले आणि ते पेशंटला म्हणाले, "जरा धीर धरा, सरांची कविता आहे." मी इस्त्रीचा सदरा घातला. कुणी पाहणार नव्हतं, पण घातला.

सभागृहाची कुजबुज ऐकू आली. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ती उभी राहिलीये. म्हणा." मी आवाज बंद केला आणि सुरू केलं.

वारा आला दारापाशी. मी डोळे मिटून घेतले. प्रत्येक ओळ जिथल्या तिथे ठेवत, न घाईनं, न थांबता म्हणत गेलो. मध्ये एकदा खिडकीपाशी काहीतरी सळसळलं. मी लक्ष दिलं नाही; नियम म्हणजे नियम. "दार लावून जा" म्हणालो, डोळे उघडले, आवाज लावला.

काही नाही. पडद्यावर, जोडणी नाही, असं लिहून आलेलं. खिडकीतून येणारी पिवळी वायर गायब.

मी बाहेरच्या खोलीत धावलो. दार उघडं, दारात ही कपाळाला हात लावून उभी, आणि समोर सेक्रेटरी, खांद्यावर पिवळ्या वायरीचं भेंडोळं.

"घंटी वाजवली, सर. दोनदा. कुणी उत्तर देईना. उद्या रंगारी येणार म्हणून म्हटलं आपणच सोडवून, व्यवस्थित गुंडाळून..." माझा चेहरा पाहून त्यांचं वाक्य वाटेतच राहिलं. "काय झालं?"

हिनं त्यांना सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: सभागृह, माणसं, आणि मध्ये मुंगी, कानात काहीच नाही आणि पहिलं अक्षर पाय रोवून उभं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. बाथरूममध्ये. मी धावलो, माझ्यामागे ही, तिच्यामागे वायरीसकट सेक्रेटरी. मी बादलीवर चढलो.

"बाबा, दुसऱ्याच ओळीला तुमचा आवाज गेला," मुलगी म्हणाली.

"मग?"

"मग ती थांबली. जागेवरच अडली. खूप वेळ. मी उठणारच होते. मग म्हणाली ती. एकटी. अडखळली, चांगली तीन-चार ठिकाणी अडखळली. पण शेवटपर्यंत म्हणाली, बाबा. घ्या, तिलाच देते."

"आ-आजोबा!"

"मुंगे, अगं वायर..."

"मला कळलं आवाज गेला ते. पण आपला नियम होता ना? म्हटलं, आजोबांना तर माहीतच नाही. ते ति-तिकडे म्हणतच असतील." मग जरा काळजीनं, "म्हणत होतात ना?"

"शेवटपर्यंत," मी म्हणालो.

"मग झालं तर. ए-एका सुरातच झालं."

बादलीवर उभ्या असलेल्या माणसाला डोळे पुसणं कठीण जातं, कारण एका हातात फोन असतो आणि दुसऱ्यानं खिडकी धरावी लागते. समोर मावशी पाहतच होत्या. पाहू देत.

मी खाली उतरलो. सेक्रेटरी बाथरूमच्या उंबऱ्यावर उभे होते, भेंडोळं खांद्यावरून काढून छातीशी धरून. ही तोंडाला पदर लावून पलीकडे पाहत होती.

"सर," ते खूप हळू म्हणाले, "मी आत्ताच्या आत्ता परत लावतो. पिवळी तर पिवळी."

"लावा. तिला रोज संध्याकाळी म्हणायची आहे," मी म्हणालो. ते निघाले. भेंडोळ्याचं टोक त्यांच्यामागे घरभर सरपटत चाललं होतं. ते जिन्यापाशी पोहोचले, तेव्हा मी नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणालो,

"आणि जाता जाता, दार लावून जा."